तळटीप १४ : विरघळणारी जाळी

१४. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचे विणलेले पातळ कापड. थिएटरात ‘सर्जिसेल’ या व्यापारी नावानेच मागितले जाते. असे पदार्थ १९४० च्या दशकापासून वापरात आहेत. बायपासच्या वेळी हेपारिन दिलेले असल्याने टाक्यांतून, उरोस्थीच्या कडांतून रक्त झिरपत राहते. तिथे हे कापड दाबून धरले की ते भिजून काळपट होते व त्यावर गुठळी धरते. थोडे असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत जिरते. जास्त राहिले तर मात्र महिनोन्महिने टिकू शकते, फुगून शेजारी दाब आणू शकते. शिवाय त्यात अडकलेली हवा सीटी स्कॅनवर पू झाल्यासारखी दिसते. या समजुतीने छाती पुन्हा उघडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पुढच्या प्रकरणातील ‘छातीतला पू’ बहुधा यातलाच. (गळवात हवा आणि द्रव यांची आडवी रेघ दिसते, कापडात बुडबुडे विखुरलेले व जागच्या जागी. ताप दोन्हीकडे असू शकतो, म्हणून घोळ.)