धोतराखालचा पंपशू

पळसदरीला स्वामी समर्थांच्या मठाबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगापाशी आमचा नवरदेव भाचा अडकून बसला होता. लग्न कर्जतजवळच्या एका फार्महाऊसवर, मुहूर्त दुपारचा, त्याआधी मठात नमस्कार. धोतर खरं नेसायचं, रुंद काठाचं नागपुरी. शिवलेलं इलॅस्टिकचं नव्हे. एवढा हट्ट पुरवल्यावर पायात काय घालायचं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. पठ्ठ्याने ऑफिसचे काळे, नाडीचे बूट चढवले होते.

नाडी सोडायला तो वाकला. उपरणं घसरलं. ते सावरताना निऱ्या गुडघ्याखाली चुरगळल्या, आणि टाचेच्या पॉलिशचा काळा फराटा धोतराच्या काठावर उमटला. "मामा, जरा धरा ना," म्हणून त्याने खांद्यावर हात टेकला. एवढं होऊन बूट निघाले, तर मागून ताईचा आवाज, "आधी हात धू. चामड्याला लागलेत." त्याच वेळी शेजारून एक आजोबा आले. त्यांनी एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाची टाच दाबली, जोडा सोडला, तसाच दुसरा सोडला आणि न वाकता आत गेले.

आजोबांच्या पायात होता तो पंपशू. निदान त्याचा नातू. धोतरावर काय घालावं, या प्रश्नाचं उत्तर शहरी मराठी माणसाने फार पूर्वी शोधून ठेवलं होतं, आपणच ते विसरलो.

मुळात गावात हा प्रश्नच नव्हता. गावगाड्यात चांभार बलुतेदार होता. वहाणा, मोट, आसूड असं चामड्याचं सगळं काम त्याच्याकडे, आणि त्याबदल्यात सुगीला त्याच्या पदरी धान्य. तिथे निवड कसली आणि भाव कसला! 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्'चा नातू, 'पायताण' हे 'पादत्राणा'चं. शब्दांची कुळं उंच. वस्तूची आणि ती बनवणाऱ्याची पायरी मात्र समाजाने खालची ठरवली. 'पायीची वहाण पायीच बरी' ही म्हण कोणाला उद्देशून वापरली गेली, ते सांगायला नको. पैसेवाले पुण्यामुंबईत जोडे घालत. लोकमान्यांच्या पोशाखातला लाल पुणेरी जोडा प्रसिद्ध आहे. पगडी, अंगरखा, उपरणं, धोतर, खाली तो जोडा. वरपासून खालपर्यंत एकाच घरचं सगळं.

या घरात साहेबाचा बूट शिरला तो कचेरीच्या दारातून. एतद्देशीयाने साहेबासमोर जोडे काढून जावं, असा दंडक होता. पुढे 1854 मध्ये, डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, सरकारने ठराव केला की, सरकारी आणि निमसरकारी प्रसंगी इथल्या सभ्य गृहस्थांनी युरोपियन धर्तीचे बूट किंवा शूज घातले असतील तर ते पायात ठेवायला हरकत नाही. याचा अर्थ उघड होता. देशी जोडा असेल तर काढा, विलायती असेल तर राहू द्या. 1862 मध्ये सुरतेच्या कोर्टात मानेकजी कावसजी एन्टी या पारशी गृहस्थांना पारशी धाटणीचे जोडे उतरवायला सांगितलं गेलं, आणि त्यावरून बराच वाद पेटला. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होती.

म्हणून जुन्या ग्रुप फोटोंत डोक्याला पगडी, अंगात लांब कोट, खाली धोतर आणि त्याखाली मोजे-बूट असं दिसतं, त्याला मी तरी नक्कल म्हणणार नाही. पगडी काढायला कुणी सांगत नव्हतं, धोतर सोडायलाही नाही. जोडा मात्र काढायला लावत होते. जिथे अपमान होत होता तेवढीच जागा माणसांनी बदलली.

आता अडचण आली ती घरी. साहेबाचा नाडीचा बूट दिवसभर पायात ठेवायला बनवलेला. आपल्याकडे तो दिवसातून दहादा निघणार. ओसरीवर, देवळात, पानावर बसताना, कुणाच्या घरी गेल्यावर. शिवाय नाडी सोडायची म्हणजे चामड्याला हात लावायचा आणि मग हात धुवायचे. सोवळ्याओवळ्याच्या घरात हा रोजचा ताप. धोतर नेसून उकिडवं बसणं हा वेगळा ताप, तो भाच्याने दाखवलाच. या सगळ्यावर विलायती जोड्यांतला एकच उतारा होता: नाडी नाही, बक्कल नाही, पाय घातला की झालं आणि हात न लावता काढला की झालं. कचेरीत विलायती, ओसरीवर सोयीचा. पंपशू आपल्याकडे रुजला तो दिसण्यामुळे थोडा आणि या काढण्याघालण्यामुळे जास्त, असं माझं मत आहे.

या पंपशूचं स्वतःचं कूळही मोठं गमतीचं आहे. इंग्रजीत 'पंप' हा शब्द सोळाव्या शतकापासूनचा. पाण्याच्या पंपाशी त्याचा काही संबंध नाही. पातळ तळाचा, बिनाबंधाचा हलका जोडा तो पंप. तो घालत हुजरे आणि नाचणारे, ज्यांना पाय न वाजवता चपळ हलायचं असे. एकोणिसाव्या शतकापर्यंत तोच चकचकीत काळा होऊन, वर रेशमी फितीचा बो लावून, बड्या लोकांच्या संध्याकाळच्या पोशाखात जाऊन बसला. तिथून तो हिंदुस्थानात आला आणि मुंबईचा कारकून, पुण्याचा मास्तर, कलकत्त्याचा बाबू यांच्या धोतराखाली शिरला.

धोतरासारखाच पेच स्कॉटलंडच्या किल्टचा. तिथेही पायघोळ विजार नाही, पोटरीपासून सगळं दिसतं, त्यामुळे जोड्यावर नजर जाते. त्यांचा खास जोडा म्हणजे ब्रोग. 'ब्रोग' हा गेलिक भाषेतला साधा 'जोडा' असा शब्द. दलदलीतून चालताना आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून चामड्याला भोकं, आणि चिखलात रुतून निघू नये म्हणून लांब नाडी घोट्यावर गुंडाळलेली. आज ती भोकं नुसती नक्षी झाली आहेत. खरं तर आषाढात पळसदरीच्या भातखाचराच्या बांधावरून चालणाऱ्याला असा जोडा उपयोगी पडला असता. पण आपल्या माणसाने त्याहून स्वस्त उपाय काढला. तो अनवाणी चालला. चार महिने इथे चामडं नुसतं कोपऱ्यात ठेवलं तरी बुरशी धरतं.

पळसदरीवरून विलायती वस्तूंची वाट फार लवकर सुरू झाली. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली, 1858 मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत सुरू झाली, आणि मधला बोरघाट उतारूंनी पायी, तट्टावर नाहीतर पालखीत ओलांडला. घाटातली गाडी 1863 मध्ये. त्यानंतर मुंबईचा माल पुण्याला जायला एक दिवसही पुरे झाला. पुढे 1931 मध्ये बाटाने हिंदुस्थानात कंपनी काढली आणि कारखान्यातला तयार जोडा मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागला.

मग धोतर गेलं. रोजच्या वापरातून धोतर उठल्यावर पंपशू कशाखाली राहणार? विजारीला नाडीचा बूट चालत होता. शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला.

गंमत अशी की, धोतर आता लग्नापुरतं परत आलं तेव्हा जोडीला पंपशू नाही, कोल्हापुरी आली. ही मुळात शेतावरच्या माणसाची, उन्हातल्या चालण्याची. म्हशीचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावायचं, चामड्याच्याच वादीने शिवायचं, खिळा नाही. सत्तरच्या दशकात हिप्पींनी ती परदेशी नेली, 2018 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाने तिच्यासारखीच चप्पल नाव न घेता मिरवल्यावर महाराष्ट्रभर बोभाटा झाला. बांधावरची वहाण अशी मांडवात आली. तिच्याबद्दल मला आदर आहे, पण नव्या कोल्हापुरीने पहिल्याच दिवशी अंगठा सोलवटतो. मांडवात लंगडणारा नवरदेव मी पाहिला आहे. घ्यायचीच तर महिनाभर आधी घ्या, तेल लावून घरात घाला, आणि पावसाळी मुहूर्त असेल तर नाद सोडा.

भाडेवाल्याच्या टोकदार, टिकल्यांच्या मोजड्या शेरवानीवर ठीक. धोतराचं साधेपण त्या खाऊन टाकतात.

भाच्याला शेवटी खोपोलीच्या बाजारातून साधे काळे जोडे आणून दिले आणि मुहूर्त गाठला. तुमच्याकडे धोतराचं कार्य असेल तर दुकानात 'पंपशू' मागू नका, पोऱ्या हार्डवेअरच्या दुकानाकडे बोट दाखवेल. बिनानाडीचे, बिनाबक्कलचे काळे लोफर मागा, टाच बुटकी बघा, पॉलिश आदल्या रात्री करून फडक्याने कोरडं पुसा. आणि घ्यायला जाल तेव्हा पिशवीत धोतर न्या. निऱ्या पायावर कुठे पडतात ते नेसल्याशिवाय कळत नाही.