पॅरिसचे दोन दिवस

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक जर्मनीत शिकते. शनिवार-रविवार ती पॅरिसला जाणार आहे. काय पाहू, म्हणाली. आम्ही सगळ्यांनी बसून वाट आखून दिली.

शनिवारी सकाळी नगरपालिका, म्हणजे ओतेल द विल. इमारत नंतरची, जागा तीच. पाव महागला, मिळेनासा झाला, म्हणून 5 ऑक्टोबर 1789 रोजी बाजारातल्या बायका इथे जमल्या. तिथून पावसात चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या. सुमारे 20 किलोमीटर! दुसऱ्या दिवशी राजाराणीला पॅरिसला घेऊनच परतल्या.

मग नदीकाठाने काँकॉर्द चौक. ओलँप द गूज या लेखिकेने 1791 मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. 1793 मध्ये क्रांतीच्याच सरकारने तिला इथे गिलोटिनवर चढवलं. फ्रान्समधल्या बायकांना मताचा अधिकार मिळाला 1944 मध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा फार आधी नाही.

रविवारी आगगाडीने व्हर्साय. सोमवारी राजवाडा बंद असतो, म्हणून आळस नको.

“आणि आयफेल टॉवर?” पोरीने विचारलं. शनिवारी रात्री बघ म्हटलं, दिवे लागल्यावर.