जाल-वाहतूक नियमन

संगणकजालात एखादा प्रेषक ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक माहिती पाठवू लागल्यास जादा माहिती प्रवेशद्वारापाशीच टाकून देणे किंवा तिच्यावर दुय्यमतेची खूण करणे, यास वाहतूक नियमन म्हणतात. जादा माहिती रांगेत थोपवून सावकाश सोडण्याच्या पद्धतीहून हे भिन्न आहे.

जालात माहिती लहान पुडक्यांच्या (पॅकेटांच्या) रूपाने जाते. एका मार्गावर मावणार नाहीत इतकी पुडकी एकवटली म्हणजे कोंडी होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून सु. ३६५ मी. अंतरावरील कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली शाखा यांमधील वहनवेग दर सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. त्याच वर्षी जॉनथन टर्नर यांनी ‘गळक्या बादली’ची कल्पना मांडली.

नियमनाच्या पद्धतींत मुख्य भेद मोजणीचा असतो. ठराविक कालखंडातील पुडकी मोजणे ही सर्वांत सोपी रीत होय; मात्र एका खंडाच्या अखेरीस व पुढच्याच्या आरंभी पूर्ण वाटा पाठविल्यास अल्पावधीत दुप्पट भार जालात शिरतो. सरकत्या कालखंडाच्या पद्धतीत ही पळवाट उरत नाही. परंतु प्रत्येक पुडक्याची आगमनवेळ नोंदवावी लागल्याने बरीच स्मृती खर्ची पडते. गळक्या बादलीस एकच गणक पुरतो. प्रत्येक पुडक्यागणिक तो वाढतो व ठराविक गतीने सतत घटतो. मर्यादा ओलांडणारे पुडके नाकारले जाते. त्यामुळे क्षणिक उसळी सामावते, पण दीर्घकालीन सरासरी ओलांडता येत नाही. एर्विन राथगेब यांनी १९९१ मध्ये केलेल्या तुलनेत ही पद्धती आणि जुन्या मोजणीस उत्तरोत्तर कमी महत्त्व देणारी भारित सरासरीची पद्धती, या दोन सरस ठरल्या. १९९९ मध्ये पुडक्यांना हिरवा, पिवळा वा तांबडा असे वर्ग देणाऱ्या दोन रीती इंटरनेटच्या प्रलेखांत (आरएफसी २६९७ व २६९८) नमूद झाल्या.

तथापि प्रत्येक प्रेषक मर्यादेत राहूनही सर्वांची बेरीज मार्गाच्या क्षमतेबाहेर जाऊ शकते. म्हणून पुडके हरवताच प्रेषकाने स्वतः वेग घटवावा, हा व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय इंटरनेटवर प्रमुख ठरला. या दोहोंचा मेळ मात्र नेहमीच बसत नाही. बादली भरेपर्यंत प्रेषकास वेग वाढविण्यास वाव मिळतो आणि ती भरताच अनेक पुडकी एकदम टाकली जातात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत नियमनाखालील वाहतुकीत पुडकी हरवण्याचे प्रमाण सरासरीने सहापट आढळले. नियमनामुळे एकाच्या अतिरेकापासून इतरांचे रक्षण होते. कोंडी टाळण्यास मात्र प्रेषकांचा संयमही आवश्यक असतो.