ट्रोल कोणाला म्हणावे?

'ट्रोल' हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांत सर्रास छापला जातो. एखादी अभिनेत्री ट्रोल होते, एखादा मंत्री ट्रोल होतो, आणि सातवीतला मुलगाही तक्रार घेऊन येतो, "सर, त्याने मला ग्रुपवर ट्रोल केलं." तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. पण अभिनेत्रीला आलेल्या असतील अश्लील शिव्या, मंत्र्यावर झाली असेल टीका आणि मुलाची कोणीतरी नुसती खोडी काढली असेल. या तिन्हींना एका नावाने हाक मारली की पुढचे सगळेच घोटाळे सुरू होतात. हे घोटाळे कसे झाले आणि त्यांची झळ कोणाला बसली, ते पाहू या.

इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ आधीपासून होते. एक मासेमारीतला: चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ सोडायचा आणि तो पाण्यातून ओढत न्यायचा, जो मासा तोंड उघडेल तो अडकला. दुसरा अर्थ नॉर्वे-स्वीडनच्या लोककथांतला, डोंगरकपारीत राहणारा कुरूप राक्षस. संगणकांच्या जाळ्यावर गप्पा मारणाऱ्या लोकांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द उचलला, तेव्हा त्यांच्या मनात गळ होता. जुने सभासद मुद्दाम एखादा शंभरदा चघळलेला, चुकीचा प्रश्न विचारत. नवखा माणूस उत्साहाने चूक दुरुस्त करायला धावे आणि जुने लोक गालात हसत. म्हणजे 'ट्रोल' हे मुळात क्रियापद होते, आणि प्रकार बराचसा निरुपद्रवी होता. पुढे हळूहळू गळ मागे पडला आणि राक्षस पुढे आला. कृतीचे नाव माणसाला चिकटले. हा बदल लहान वाटला तरी लहान नाही. 'त्याने खोडी काढली' आणि 'तो खोडकरच आहे' यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

अभ्यासकांनी व्याख्या करायचा प्रयत्न केला. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ क्लेअर हार्डाकर यांनी २०१०मध्ये मांडलेली व्याख्या बरीच वापरली जाते. तिचा सारांश असा: चर्चेत मनापासून सहभागी झाल्याचे सोंग करायचे, पण खरा हेतू मात्र स्वतःच्या करमणुकीसाठी भांडण पेटवण्याचा. व्याख्या नेटकी आहे. अडचण एवढीच की हेतू दिसत नाही. पडद्यावर फक्त वाक्य दिसते. एखादा खरोखरच अज्ञानातून विचारतो आहे की गळ टाकतो आहे, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे.

म्हणून काहींनी हेतू बाजूला ठेवून मोजमाप करायचे ठरवले, आणि इथे विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल अशी एक गंमत झाली. २०१४मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारले की इंटरनेटवर तुम्हाला काय करायला आवडते. ज्यांनी 'ट्रोल करायला' असे सांगितले, त्यांच्यात दुसऱ्याच्या त्रासातून आनंद घेण्याची वृत्ती जास्त आढळली. निष्कर्ष: ट्रोल हा एका विशिष्ट स्वभावाचा माणूस. २०१७मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल या अमेरिकन विद्यापीठांतील संशोधकांनी वेगळा प्रयोग केला. काही लोकांना सोपी, काहींना अवघड चाचणी दिली आणि मग एका लेखावर मत लिहायला सांगितले. काहींना आधीच्या वाचकांची सभ्य मते दाखवली, काहींना वाईटसाईट. अवघड चाचणीने वैतागलेल्या आणि वर घाण वाचलेल्या गटात शिवीगाळीचे प्रमाण, सोपी चाचणी देऊन सभ्य मते वाचलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाले. निष्कर्ष: वेळ आली तर कोणीही ट्रोल होऊ शकतो! दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर असतील. पहिल्याने स्वतःला ट्रोल म्हणवणाऱ्यांना मोजले, दुसऱ्याने शिवीगाळीच्या वाक्यांना. मोजपट्टी बदलली, वस्तूही बदलली. नाव तेवढे तेच राहिले.

मराठीत हा घोळ इतका नव्हता. खोडी काढणे, डिवचणे, टवाळी करणे, काडी लावणे, चिथावणे, कागाळी करणे, धमकावणे – प्रत्येकाची जात वेगळी, आणि त्यावरची प्रतिक्रियाही. कळीच्या नारदावर लोक चिडतात, पण त्याला धमकी देणाऱ्याच्या पंक्तीला बसवत नाहीत. शिवाय समाजाने अशा गोष्टींना काळ-वेळही नेमून दिली होती. जव्हारपासून मोखाडा, सूर्यमाळपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात होळी हा मोठा सण. होळीच्या रात्री मारलेल्या बोंबेवरून कोणी चौकीत जात नाही. तीच बोंब श्रावणात कोणाच्या दारात मारली तर मारामारी होईल. याच भागातल्या बोहाड्यात माणसे मुखवटे चढवून नाचतात, पण कोणते सोंग कोणी घेतले आहे हे गावाला ठाऊक असते. काळाची मर्यादा आणि ओळखीचा धाक, दोन्ही तिथे असतात. फोनवर दोन्ही नाहीत. (जुना काळ सोज्वळ होता, असे मात्र यातून कोणी समजू नये. गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात ते हयात असताना प्रेतयात्रा काढली गेली होती!)

आता कायद्याकडे वळू. १८९८च्या भारतीय टपाल कायद्यातच अश्लील, धमकीवजा किंवा 'अत्यंत आक्षेपार्ह' मजकूर वरून दिसेल अशा रीतीने टपालाने पाठवण्यास बंदी होती. ब्रिटनमध्ये १९३५च्या टपाल दुरुस्ती कायद्याने तशीच बंदी टेलिफोनला लावली. टेलिफोन केंद्रातल्या ऑपरेटरांना घाणेरडे फोन येत, त्यांना संरक्षण मिळावे हा त्यामागचा एक उद्देश होता. उगाच त्रास देण्यासाठी वारंवार फोन करणे हाही गुन्हा ठरला. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की फोन एका माणसाला येतो. तो घेणाऱ्याला टाळता येत नाही, आणि त्रास कोणाला झाला हे स्पष्ट असते. ही शब्दरचना ब्रिटनच्या एका कायद्यातून दुसऱ्यात उतरत २००३च्या दळणवळण कायद्यात आली. भारतात डिसेंबर २००८मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून कलम ६६अ लागू झाले. 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द त्यात होते, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एका माणसाच्या कानात बोललेल्या वाक्यासाठी घडवलेली मोजपट्टी चव्हाट्यावर बोललेल्या वाक्याला लावली गेली.

ती कोणाला लागली, हे पालघरमध्ये दिसले. सूर्यमाळ सह्याद्रीच्या पठारावर आणि पालघर पश्चिम रेल्वेच्या मार्गावर. तेव्हा दोन्ही ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, अंत्ययात्रेच्या वेळी, मुंबई आणि आसपासचे व्यवहार बंद होते. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले की माणसे रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद का पाळायचा? तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. तक्रार झाली, तरुणीच्या एका नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली आणि १९ नोव्हेंबरला दोघींना अटक झाली. आधी धार्मिक भावना दुखावल्याचे कलम लावले (मजकुरात धर्माचा संबंध नव्हता), मग ते बदलून दुसरे लावले. सोबत ६६अ होतेच. त्याच दिवशी जामीन मिळाला. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, तोडफोड करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली आणि मुलींवरचा गुन्हा बंद करण्यात आला.

हार्डाकर यांची व्याख्या या तरुणीला लावून पाहा. सोंग? ती स्वतःच्या नावाने लिहीत होती. करमणुकीसाठी भांडण? लोक चिडल्यावर तिने मजकूर काढून माफी मागितली. शिवी किंवा धमकी? नाही. उरला फक्त 'त्रास', म्हणजे वाचणाऱ्याचा राग. या एकाच कसोटीवर ती गुन्हेगार ठरत होती, आणि जितका जमाव मोठा तितका तिचा गुन्हा मोठा.

तरीही हे कलम निव्वळ निरुपयोगी होते असे म्हणता येत नाही. महिनाभरच आधी, ऑक्टोबर २०१२मध्ये, चेन्नईत गायिका चिन्मयी श्रीपाद यांनी ट्विटरवर अश्लील आणि अपमानास्पद मजकूर लिहिला जात असल्याची तक्रार केली आणि याच कलमाचा आधार घेऊन काहींना अटक झाली. एकाच कलमाने एका स्त्रीला दिलासा दिला आणि दोन मुलींना कोठडी. म्हणूनच कलमाच्या हेतूपेक्षा त्याच्या शब्दांकडे पाहणे भाग पडले.

पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने ६६अ रद्द केले. निकालपत्रातला सर्वांत बोलका भाग दोन ब्रिटिश खटल्यांचा आहे. पहिल्यात एका माणसाने खासदाराच्या कार्यालयात फोन करून वर्णद्वेषी शब्द वापरले होते. खालच्या न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला ते 'अत्यंत आक्षेपार्ह' वाटले नाहीत. २००६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सला वाटले. दुसऱ्यात, बर्फामुळे विमानतळ बंद पडल्याने वैतागलेल्या तरुणाने २०१०मध्ये 'आठवड्यात सुरू झाला नाही तर उडवून देईन' अशा अर्थाचे ट्विट केले. दोन न्यायालयांनी दोषी ठरवले. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने ती थट्टा मानून सोडले. तोच शब्द, तीच वस्तुस्थिती, कायद्यात मुरलेले न्यायाधीश आणि उलटसुलट निष्कर्ष. मग ठाण्यातल्या हवालदाराने आणि फेसबुकवर लिहिणाऱ्या मुलीने काय ओळखायचे? न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी असे तीन प्रकार वेगळे केले. पहिले दोन कितीही अप्रिय असले तरी त्यांना संरक्षण आहे, असे सांगितले. अश्लील मजकूर, धमकी, पाठलाग यांसाठीची इतर कलमे शिल्लक राहिली. ६६अ खालचे गुन्हे मात्र त्यानंतरही नोंदवले जात राहिले, इतके की १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवण्याचा पुन्हा आदेश द्यावा लागला.

व्याख्येची दुसरी कडा याच जिल्ह्यात दिसते. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. त्याआधी परिसरात मुले पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या. अशा अफवा पुढे ढकलणाऱ्यांपैकी बहुतेकांचा त्यांवर विश्वासच असतो. कोणी गळ टाकत नसतो, कोणाची करमणूक होत नसते. ट्रोलिंगची कोणतीही व्याख्या घ्या, ते त्यात बसत नाहीत. आणि तरी कोणत्याही खोडीपेक्षा तो प्रकार घातक.

आश्रमशाळांतल्या मोठ्या मुलांकडेही आता फोन आले आहेत. त्यांच्याशी हा विषय बोलायचा तर तीन चिठ्ठ्या करून पाहाव्यात. एकीवर पालघरच्या तरुणीचे वाक्य. दुसरीवर, नवख्यांना फसवण्यासाठी मुद्दाम विचारलेला चुकीचा प्रश्न. तिसरीवर असे: वसतिगृहातला एक मुलगा वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या वारली बोलीतले शब्द त्याच्याच ढंगात रोज लिहितो, खाली हसरे चेहरे टाकतो आणि विचारल्यावर 'गंमत केली' म्हणतो. प्रत्येक चिठ्ठीवर मुलांनी दोनच गोष्टी लिहायच्या: निर्णय करायला आणखी काय माहीत हवे, आणि ते कोणाला विचारायचे, लिहिणाऱ्याला की वाचणाऱ्याला? तिसऱ्या चिठ्ठीवर वर्गाचे एकमत होणे कठीण आहे. त्या चिठ्ठीला जास्त वेळ ठेवावा.