नैराश्य : सामाजिक व आर्थिक कारणे

नैराश्य हा आजार अनुवंश व मेंदूतील जैविक प्रक्रियांशी निगडित असला, तरी तो कोणाला गाठतो हे राहणीमानावरही ठरते. जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून 1978 मध्ये हे ठळकपणे मांडले. जिवाभावाचे माणूस नसणे, घरात 14 वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे, कमाईचे काम नसणे आणि वयाच्या अकराव्या वर्षाआधी आईचा वियोग, या चार बाबींमुळे संकटाचा आघात पेलणे कठीण होते, असे त्यांना आढळले. कामगार वर्गातील स्त्रियांत आजाराचे प्रमाण अधिक होते.

गोव्यातील मातांवरील 2002 चा अभ्यास महाराष्ट्रालाही जवळचा वाटेल. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांत नैराश्य आढळले. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही त्यामागची प्रमुख कारणे होती. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला मुलगी झाली, की धोका आणखी वाढे. अशा दुःखाला मनाचा कमकुवतपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

संबंध दुहेरी आहे. कर्ज, बेरोजगारी व उत्पन्नाची अनिश्चितता नैराश्य ओढवतात. नैराश्यामुळे काम सुटते, उपचारांचा खर्च वाढतो. म्हणून औषधांबरोबर रोजगार व आर्थिक मदतही महत्त्वाची ठरते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी दिलेले अल्पकालीन मानसोपचार तीव्र नैराश्यावरही परिणामकारक ठरल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.