मरणाचे नाव

माणूस मेला की सरकारी वहीत त्याच्या नावापुढे एक कारण लिहिले जाते. मेलेल्याला त्या शब्दाचा काही उपयोग नसतो. पण मागे राहिलेल्यांचे पुष्कळसे त्यावर ठरते. रोगांची नावे आणि त्यांचे वर्गीकरण हा वैद्यांचा विषय, असा आपला समज असतो. मला तो कष्टकऱ्यांच्या इतिहासाचाही भाग वाटतो, आणि तसाच तो आपणांपुढे मांडणार आहे.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापून निघे. कोण कशाने मेले हे ठरविण्याचे काम त्यासाठी नेमलेल्या वृद्ध स्त्रिया करीत. त्या प्रेत पाहत, घरच्यांना विचारीत आणि रोगाचे नाव सांगत. या याद्यांचा अभ्यास कोणा पंडिताने नव्हे, तर जॉन ग्राँट नावाच्या एका दुकानदाराने केला. १६६२ साली त्याचे पुस्तक निघाले. वीस वर्षांतले २,२९,२५० मृत्यू त्याने तपासले. त्यांत दाईकडे ठेवलेली तान्ही मुले सोडता उपासमारीने मेलेले म्हणून नोंदलेले जेमतेम ५१! पेलाभर दारू आणि थोडी चिरीमिरी दिली की बदनामीच्या रोगाऐवजी दुसरेच नाव लिहिले जाते, हेही त्याने नमूद करून ठेवले. म्हणजे नोंद सुरू झाली तेव्हापासूनच नाव बदलण्याची विद्याही सुरू झाली होती.

पुढे १८३७ साली इंग्लंडमध्ये मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिचे तक्ते करण्याचे काम गरीब घरातून वर आलेल्या विल्यम फार याच्याकडे आले. त्याला आढळले की एकाच रोगाला तीनचार नावे आहेत आणि एकच नाव निरनिराळ्या रोगांना लावले जाते. भौतिक शास्त्रांत वजनामापांना मोठे महत्त्व असते. तसेच नावांचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. पहिल्याच तक्त्यात त्याने उपासमारीने झालेले ६३ मृत्यू दाखविले. गरिबांच्या मदतीचा कायदा राबविणाऱ्या मंडळाचे चिटणीस एडविन चॅडविक यांना ते रुचले नाही. तो आकडा मंडळाच्या कारभारावरचा ठपकाच होता! त्यांनी हरकत घेतली. फारने माघार घेतली नाही. त्याचे उत्तर असे की, भूक बहुधा स्वतःच्या नावाने मारीत नाही, ती रोगाच्या नावाने मारते. म्हणून खरा आकडा ६३ हून मोठाच असणार. नावाचा वाद हा जबाबदारीचा वाद असतो, हे त्या दोघांनाही पुरते ठाऊक होते.

मग एक देश दुसऱ्याशी आकडे ताडून पाहू लागला आणि सर्वांची यादी एक असावी, ही गरज भासली. फ्रान्सचे जाक बर्तियाँ यांनी केलेली यादी १८९३ साली शिकागोच्या परिषदेत मान्य झाली. १९०० पासून तिच्या आवृत्त्या निघत गेल्या. सहावी आवृत्ती १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, आणि मरणाच्या कारणांबरोबर आजारपणेही तीत आली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे.

१९४८ चा एक ठराव कामगारांनी पाठ करून ठेवण्याजोगा आहे. मृत्यू ही एक साखळी आहे. शेवटची कडी नव्हे, तर ज्या रोगाने वा इजेने ती साखळी सुरू झाली ते मूळ कारण मोजावे, असा तो ठराव. आपल्याकडचा दाखलाही याच पद्धतीचा आहे. तरीही त्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच पुष्कळदा वाचायला मिळते. मरताना हृदय कोणाचे बंद पडत नाही?

कापसाच्या धुळीचेच उदाहरण घ्या. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सुट्टीनंतर पहिल्या पाळीला, म्हणजे सोमवारी, छाती आवळते. पुढे ते दुखणे आठवडाभर राहते. त्याला बिसिनोसिस म्हणतात. ब्रिटनमध्ये १९४१ साली त्याला नुकसानभरपाई लागू झाली. तीही वीस वर्षे धुळीच्या खात्यात काढलेल्यांना. मुंबईत १८५६ पासून गिरण्या चालल्या. पण मी ज्या जुन्या गिरणी कामगारांशी बोललो, ते आपल्या दुखण्याला दमाच म्हणत. दमा कोणालाही होतो. बिसिनोसिस म्हटले की कोणत्या खात्यात काम केले, किती वर्षे केले आणि धूळ किती होती, हे प्रश्न उभे राहतात. पहिल्या नावाने दोष नशिबाकडे जातो, दुसऱ्याने मालकाकडे.

जगाची यादी तयार आहे; तीत बिसिनोसिस आहे, दगडाच्या धुळीचा सिलिकोसिसही आहे. पण यादीत नाव असणे आणि आपल्या कागदावर ते उतरणे, यांत अंतर आहे. ते तोडण्याचे पहिले पाऊल साधे आहे. दवाखान्यात केसपेपर काढताना वय आणि पत्ता सांगतो, तसा आपला धंदा, खाते आणि कामाची वर्षे सांगा, आणि ती लिहून घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.