डीएसएल बाँडिंग

डीएसएल बाँडिंग म्हणजे तांब्याच्या तारांच्या दोन किंवा अधिक जोड्यांवरील स्वतंत्र डीएसएल जोडण्या एकत्र करून त्यांच्याकडून एकाच वेगवान जोडणीचे काम करून घेण्याचे तंत्र होय. हे तंत्र इन्व्हर्स मल्टिप्लेक्सिंग या व्यापक प्रकारात मोडते. नेहमीच्या मल्टिप्लेक्सिंगमध्ये अनेक माहितीप्रवाह एकाच मार्गावरून नेले जातात. येथे एकच प्रवाह अनेक मार्गांवर विभागला जातो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा सांधला जातो. जेथे ऑप्टिकल फायबर पोहोचलेले नाही, परंतु टेलिफोनच्या तारा उपलब्ध आहेत, अशा ठिकाणी वेग वाढवण्यासाठी किंवा दोन इमारतींना थेट जोडण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो.

पार्श्वभूमी

टेलिफोनची तार ही एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तांब्याच्या तारांची जोडी असते. आवाजाच्या वहनासाठी सुमारे ४ किलोहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा पुरेसा असतो. डीएसएल त्याच तारेवर त्याहून कितीतरी वरच्या वारंवारता वापरते. एडीएसएल सुमारे १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंत, एडीएसएल२+ सुमारे २.२ मेगाहर्ट्‌झपर्यंत, तर व्हीडीएसएल२ कमाल सुमारे ३५ मेगाहर्ट्‌झपर्यंतचा पट्टा वापरू शकते.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कोणत्याही मार्गाची माहितीवहनाची कमाल क्षमता त्याच्या वारंवारता-पट्ट्याच्या रुंदीवर आणि संकेत व गोंगाट यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. तांब्याच्या तारेत वारंवारता आणि अंतर वाढेल तसा संकेत क्षीण होत जातो. त्यामुळे दूरच्या ग्राहकाला उच्च वारंवारतांचा लाभ मिळत नाही आणि मोडेम कितीही सुधारला तरी एका जोडीची मर्यादा ओलांडता येत नाही. अशा वेळी जोड्यांची संख्या वाढवणे हा उपाय उरतो. एका जोडीचा वेग बाँडिंगमुळे वाढत नाही. अनेक जोड्यांच्या क्षमतांची बेरीज तेवढी होते.

कार्यपद्धती

पाठवणाऱ्या टोकाला आलेली प्रत्येक इथरनेट फ्रेम लहान तुकड्यांत विभागली जाते. प्रत्येक तुकड्याला अनुक्रमांक दिला जातो आणि तो फ्रेमचा आरंभ आहे की शेवट याची खूण केली जाते. तुकडे वेगवेगळ्या जोड्यांवरून रवाना होतात. घेणाऱ्या टोकाला ते बफरमध्ये साठवून, अनुक्रमांकांनुसार लावून, मूळ फ्रेम पुन्हा तयार केली जाते.

या प्रक्रियेतील अवघड भाग वाटणीचा नसून क्रम राखण्याचा असतो. एकाच केबलमधील जोड्यांचे वेगही सारखे नसतात. एखाद्या जोडीवर त्रुटी-दुरुस्तीसाठी इंटरलीव्हिंग अधिक असेल तर तिच्यावरील विलंबही अधिक असतो. जलद जोडीवरून आलेल्या तुकड्यांना मंद जोडीवरील तुकड्यांची वाट पाहावी लागते. म्हणून जोड्यांमधील विलंबाच्या फरकावर आणि वेगांच्या गुणोत्तरावर मर्यादा घातलेली असते.

वाटणीची पद्धतही महत्त्वाची ठरते. १६ आणि ८ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या दोन जोड्यांवर समान आकाराचे तुकडे आळीपाळीने पाठवले, तर जलद जोडीला मंद जोडीसाठी थांबावे लागते आणि एकूण वेग १६ मेगाबिटांपुढे जात नाही. तेच तुकडे २:१ या प्रमाणात वाटले तर २४ मेगाबिटांच्या जवळपासचा वेग मिळतो.

एकत्रीकरणाचे स्तर

जोडण्या कोणत्या स्तरावर एकत्र केल्या आहेत यावर वापरकर्त्याला प्रत्यक्षात काय मिळते हे अवलंबून असते.

भौतिक स्तरालगतच्या बाँडिंगमध्ये वरील स्तरांना एकच जोडणी दिसते. त्यामुळे एकाच फाइलच्या वहनालाही सर्व जोड्यांचा एकत्रित वेग मिळतो. मल्टिलिंक पीपीपी ही त्यावरच्या स्तरावरील पद्धत असून तिचे सध्याचे रूप १९९६ च्या आरएफसी १९९० या दस्तऐवजात दिलेले आहे. तिच्यात दोन्ही टोकांच्या राउटरांनी ही पद्धत जाणणे आवश्यक असते.

भारविभाजन, म्हणजे लोड बॅलन्सिंग, ही मात्र निराळी गोष्ट आहे. दोन ब्रॉडबँड जोडण्या असलेला राउटर सामान्यतः प्रत्येक संभाषण एका जोडणीकडे सोपवतो. अनेक वापरकर्ते असल्यास त्याचा फायदा होतो. परंतु एकट्या डाउनलोडला एकाच तारेचा वेग मिळतो. याउलट, एका संभाषणातील पॅकेट क्रम न राखता दोन तारांवर विखुरले, तर ती उलटसुलट पोहोचतात. टीसीपीच्या प्रचलित रीतीनुसार एकाच पोचेची तीनदा पुनरावृत्ती झाली की पॅकेट हरवले असे मानले जाते आणि पाठवणारा आपला वेग कमी करतो. अशा स्थितीत दोन तारांचा वेग एका तारेपेक्षाही कमी भरू शकतो.

प्रमाणके

आयईईई संस्थेने २००४ मध्ये संमत केलेल्या ८०२.३एएच या प्रमाणकाने इथरनेट थेट टेलिफोनच्या तारांवर आणले. त्यात तांब्यासाठी दोन प्रकार आहेत. २बेस-टीएल हा प्रकार जी.एसएचडीएसएलवर आधारलेला असून त्याचे उद्दिष्ट सुमारे २,७०० मीटर अंतरावर प्रत्येक जोडीमागे २ मेगाबिट प्रतिसेकंद हे आहे. १०पास-टीएस हा व्हीडीएसएलवर आधारलेला प्रकार सुमारे ७५० मीटरवर १० मेगाबिटांसाठी आहे. या प्रमाणकानुसार ३२ पर्यंत जोड्या एकत्र करता येतात, तुकड्यांचा आकार ६४ ते ५१२ बाइट असतो आणि सर्वांत जलद व सर्वांत मंद जोडीच्या वेगांचे गुणोत्तर ४:१ पेक्षा अधिक असू नये असे बंधन आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००५ मध्ये जी.९९८ मालिकेतील तीन शिफारशी संमत केल्या. जी.९९८.१ एटीएमवर, जी.९९८.२ इथरनेटवर आणि जी.९९८.३ काल-विभाजनावर आधारित आहे. यांपैकी जी.९९८.२ ही आयईईईच्या पद्धतीचा विस्तार करणारी शिफारस आहे.

दोन ठिकाणांमधील थेट जोडणी

कार्यालयाच्या दोन शाखा, कारखान्याच्या आवारातील इमारती किंवा दूरचा मोबाइल मनोरा जोडण्यासाठी दोन्ही दिशांना सारखा वेग आवश्यक असतो. एडीएसएलमध्ये ग्राहकाकडून जाणारा वेग येणाऱ्या वेगापेक्षा बराच कमी असतो. म्हणून अशा ठिकाणी सममित जी.एसएचडीएसएल वापरले जाते. एका टोकाचा मोडेम केंद्राची, तर दुसरा ग्राहकाची भूमिका पार पाडतो. विस्तारित जी.एसएचडीएसएलमध्ये एका जोडीचा कमाल वेग ५.६९६ मेगाबिट प्रतिसेकंद असल्याने चार जोड्यांचा सैद्धांतिक एकत्रित वेग २२.७८४ मेगाबिट होतो. हा आकडा कमी अंतरासाठीच लागू आहे. २,७०० मीटरवर, प्रत्येक जोडीमागे २ मेगाबिट धरल्यास, १० मेगाबिटांसाठी साधारणपणे पाच जोड्या लागतात.

तुकड्यांच्या पातळीवरील बाँडिंगचा आणखी एक लाभ आहे. १,५०० बाइटची फ्रेम २ मेगाबिटांच्या एका तारेवर चढवण्यास ६ मिलिसेकंद लागतात. चार तारांवर विभागल्यास हा वेळ सुमारे दीड मिलिसेकंदावर येतो. तारेतून संकेत जाण्यास लागणारा वेळ आणि इंटरलीव्हिंगचा विलंब मात्र कमी होत नाहीत.

मर्यादा

एकाच केबलमधील जोड्या परस्परांच्या संकेतांत व्यत्यय आणतात. याला क्रॉसटॉक म्हणतात. जोड्या वाढल्या की प्रत्येक जोडीला सहन करावा लागणारा गोंगाटही वाढतो. त्यामुळे प्रत्यक्ष वेग जोड्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढेलच असे नाही. २०१० मध्ये संमत झालेली जी.९९३.५ ही व्हेक्टरिंगची शिफारस दूरच्या टोकाचा क्रॉसटॉक आगाऊ हिशेब करून रद्द करते. ती बाँडिंगसोबत वापरता येते.

एक जोडी निकामी झाल्यास उरलेल्या जोड्यांवर सेवा कमी वेगाने चालू राहते. तथापि हे संरक्षण मर्यादित आहे. सर्व जोड्या सहसा एकाच केबलमधून जात असल्याने खोदकामात केबल तुटली तर संपूर्ण जोडणी एकदमच बंद पडते. अखंड सेवेसाठी वेगळ्या मार्गाने जाणारी दुसरी जोडणी लागते. बाँडिंग तिची जागा घेऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक जोडीचे भाडे आणि उपकरणातील पोर्ट यांचा खर्चही जोड्यांच्या संख्येनुसार वाढतो.

वापर आणि सद्यस्थिती

ब्रिटन आणि अमेरिकेत फायबर टाकण्याचा खर्च न परवडणाऱ्या व्यवसायांना तांब्यावरील इथरनेट सेवा अशा प्रकारे पुरवल्या गेल्या. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने यू-व्हर्स सेवेसाठी दोन जोड्यांचे व्हीडीएसएल२ बाँडिंग वापरले. २०१० मध्ये अल्काटेल-ल्युसंटच्या बेल लॅब्जने बाँडिंग, व्हेक्टरिंग आणि दोन जोड्यांतून तिसरा आभासी मार्ग निर्माण करणारे फँटम तंत्र यांच्या मिलाफातून ४०० मीटरवर ३०० मेगाबिट प्रतिसेकंद वेग प्रयोगशाळेत दाखवला.

फायबरच्या प्रसाराबरोबर तांब्याचे जाळे अनेक देशांत मोडीत निघत आहे. त्यामुळे फायबर येईपर्यंत जुन्या तारांची उपयुक्तता वाढवणारे मधल्या काळाचे तंत्र, असेच डीएसएल बाँडिंगचे स्थान राहिले आहे.